न मोजायची बारी

लोणावळ्याच्या बाजारपेठेत चिक्कीच्या दुकानांच्या रांगेत एक दुकान असं आहे, जिथं चिक्की मिळत नाही. ते माझं. पाच फूट रुंद, पुढं काचेचा काउंटर, मागं भिंतीवर दहा-अकरा घड्याळं. ती सगळी वेगवेगळी वेळ दाखवतात, कारण ती दुरुस्तीला आलेली असतात. गिऱ्हाईक आत आलं की भिंतीकडं बघून विचारतं, "काका, नक्की वाजलेत किती?" हा विनोद मी तीस वर्षं ऐकतो आहे. दर वेळी थोडा हसतो. धंद्याचा भाग आहे.

संपादकांनी मला ह्या धंद्यातले गमतीचे अनुभव लिहायला सांगितले. तसे आहेत. पावसाळा ही माझी सुगी असायची. भुशी धरणाच्या पायऱ्यांवर लोक कपड्यांनिशी पाण्यात बसायचे आणि बाहेर आल्यावर त्यांना मनगट आठवायचं. रविवारी दुपारनंतर दुकानापुढं ओल्या माणसांची रांग. काचेत धुकं धरलेलं घड्याळ पुढं करून प्रत्येक जण तेच सांगायचा, "वॉटरप्रूफ म्हणून दिलं होतं हो." मागचं झाकण उघडायचं, आतलं मशीन बल्बच्या उबेत ठेवायचं, थेंब कुठं दडलाय ते भिंगातून शोधायचं. मुंबईचे एक गृहस्थ दर वर्षी तेच घड्याळ भिजवून आणायचे. चौथ्या वर्षी मी म्हटलं, "साहेब, पुढच्या वेळी आधी घड्याळ माझ्याकडं ठेवा, मग धरणावर जा." ते गंभीरपणे म्हणाले, "पण मग धरणावर असताना मला कळणार कसं, किती वाजले?"

अशी चार पानं मी लिहिली. मग उठलो, दुकानाचं शटर अर्धं खाली केलं, परत वर केलं, परत बसलो. पानं वाचली. त्यात खोटं काही नव्हतं, पण ती मी लपण्यासाठी लिहिली होती. म्हणून फाडली. आता जे लिहितो आहे ते आजपर्यंत घरातही नीट सांगितलेलं नाही. नावं बदलली आहेत, गावाचं नाव देत नाही. हा अंक त्या गावात चार-पाच घरी जातो, हे ठाऊक असूनच लिहितो आहे.

घड्याळं दुरुस्त करणं हा माझा धंदा. पण आमच्या मावळात मला लोक ओळखतात ते घाटावरचा घड्याळवाला म्हणून. हा घाट खंडाळ्याचा नव्हे. बैलगाड्यांची शर्यत जिथं पळते त्या चढाच्या पट्टीला आमच्याकडं घाट म्हणतात. खाली चार बैल गाड्याला जुंपतात. गाडा दोन चाकांचा, हलका, त्यात माणूस बसत नाही. पुढं घोडीवर एक जण दौडतो आणि त्याच्या मागं बैल सुटतात. खाली झेंडा पडला की वेळ सुरू, वर निशाणाची रेषा ओलांडली की वेळ बंद. ह्या एका पळण्याला बारी म्हणायचं. सगळा खेळ दहा-बारा सेकंदांचा, आणि त्या सेकंदांचे पुन्हा बारीक तुकडे. त्या तुकड्यांवरून सख्ख्या भावांनी एकमेकांच्या लग्नाला जायचं सोडलेलं मी पाहिलं आहे.

आता हे काम सेन्सर करतात. माझ्या वेळी ते अंगठा करायचा. वर निशाणापाशी उभं राहायचं. झेंडा लांब खाली. तो आधी दिसतो, खालच्या लोकांचा ओरडा नंतर वर पोचतो. नवखा माणूस ओरड्यावर बटण दाबतो आणि गाड्याला फुकटचा फायदा देतो. रेषेवर बैलाच्या तोंडाकडं बघायचं, गाड्याकडं नाही. डोळ्यांत धूळ गेली तरी पापणी पाडायची नाही. आणि सगळ्यांत अवघड म्हणजे, समोर कुणाचे बैल आहेत हे विसरायचं.

एका गाडामालकानं जत्रेच्या आदल्या दिवशी दुकानात येऊन नवं कोरं स्टॉपवॉच काउंटरवर ठेवलं होतं. "उद्या ह्यानंच मोजा. लकी आहे." मी ते माझ्या घड्याळाशी लावून बघितलं. मिनिटाला दीड सेकंद मागं पडत होतं. म्हटलं, "लकी आहेच. पण सगळेच गाडे ह्यानं मोजले तर सगळ्यांचंच लकी होईल." त्यांनी थोडा विचार केला, घड्याळ उचललं आणि म्हणाले, "मग तुमचंच असू द्या."

मला घाटावर का बोलावलं, तेही सांगतो. मळवली स्टेशनपासून आत गेलं की ते गाव लागतं. माझंही मूळ गाव तेच. गावात दोन मोठ्या भावक्या. एका भावकीतल्यानं घड्याळ धरलं की दुसरी ओरडायची. मी दोन्हींत नव्हतो. आमचं घर बौद्ध. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासून गावच्या देवाशी आमचा नमस्काराचाही संबंध उरला नव्हता. म्हणून पंचांनी मला बोलावलं. तो विश्वास नव्हता, सोय होती. मला ते कळत होतं. तरीही पहिल्या वर्षी माइकवरून माझ्या नावापुढं "राव" लागलं, तेव्हा मी पायातल्या चपला नीट केल्या आणि जरा ताठ उभा राहिलो.

त्या जत्रेत पहिली बारी देवाची असते. भैरवनाथाची. तिला नंबर नाही, बक्षीस नाही आणि घड्याळ नाही. देऊळ घाटाच्या वरच्या टोकाला आहे. देवाची बारी सुटायच्या आधी घड्याळवाल्यानं देवळाच्या उंबऱ्याशी जाऊन आपलं घड्याळ ताटात ठेवायचं. पुजारी त्यावर गुलालाची चिमूट टाकून ताट देवापुढं सरकवतो. मग माइक बंद होतो. घाटाच्या दोन्ही कडांना हजारो माणसं हात जोडून गप्प उभी राहतात. खुरांचा आवाज तेवढा येतो. बैल वर पोचले की पुजारी घड्याळ परत देतो, आणि मग माणसांच्या शर्यती सुरू. अजून एक नियम होता. जो गाडा एकदा घड्याळावर पळाला, त्याच्या घराला देवाची बारी परत मिळत नाही.

हा मान सोपानआबांच्या घराकडं होता. आबा भातशेतीवाले. दोन बैल त्यांचे, दोन धाकट्या भावाचे. वर्षभर बैल चिखलात राबायचे आणि वर्षातून एकदा घाट चढायचे. बाकीच्यांचे बैल बदाम खायचे, ह्यांचे भाताचा पेंढा. जत्रेआधी आठ दिवस आबा रोज सकाळी घाटावर वाकून खडे वेचायचे. घमेलं भरलं की कडेला नेऊन ओतायचं, परत वाकायचं. मी एकदा म्हटलं, "आबा, तुमचे बैल ह्यावरून एकदाच जाणार. मागच्या सगळ्या गाड्यांसाठी तुम्ही का कंबर मोडता?"

आबा वर न बघता म्हणाले, "पयला पळायचा मान घ्यायचा, आन पयलं वाकायला दुसऱ्यानं यायचं?"

त्यांच्या बारीला चाबूक नसायचा. बारी झाली की गळ्यात हार नाही, डोक्याला फेटा नाही. आबा बैलांच्या पायांवर पाणी घालायचे आणि गर्दीत मागं जाऊन बसायचे. दुसरे गाडामालक त्यांना मान द्यायचे आणि पाठीमागं हसायचे. "आरतीचे बैल" असं त्या बैलांना नाव पडलं होतं.

आता माझं.

घड्याळवाल्याकडं एकच घड्याळ असतं, असं गावाला वाटायचं. माझ्याकडं दोन होती. एक ताटात जायचं. दुसरं पँटच्या उजव्या खिशात. पहिल्या वर्षी मी स्वतःला सांगितलं की मला फक्त अंगठा तपासायचा आहे. माइक नाही, ओरडा नाही, अशा शांततेत अंगठा किती खरा चालतो, ते बघू. कारागिराची हौस. सगळ्यांचे दोन्ही हात जोडलेले, माझा एक हात खिशात. झेंडा पडला, दाबलं. रेषा आली, दाबलं. घरी जाऊन आकडा बघितला आणि पुसला. दुसऱ्या वर्षीही पुसला. तिसऱ्या वर्षी पुसला नाही. दिवसभरात पहिल्या आलेल्या गाड्यापेक्षा आबांचा गाडा अर्धा सेकंद पुढं होता.

घाटावर अर्धा सेकंद म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. तिथं एका सेकंदात दहा गाडे उभे असतात. पेंढा खाणारे, चाबूक न पाहिलेले बैल सगळ्यांना मागं टाकत होते, आणि हे जगात मला एकट्याला ठाऊक होतं. मी तो आकडा खिशात घेऊन हिंडायचो. बदामवाले मालक माझ्यापुढं मिशीला पीळ भरायचे, तेव्हा मला आतून हसू यायचं. आकडा माझा नव्हता, बैल माझे नव्हते, पण ताठा मला आला होता.

आबांचा मुलगा विलास तेव्हा पंचविशीतला. एका दुपारी तो मनगटावरच्या घड्याळाचा सेल बदलायला दुकानात आला. आधीच बसलेल्या, गेल्या जत्रेत पहिल्या आलेल्या गाडामालकानं त्याला सुनावलं, "काय रे आरतीवाल्या, बैलांना घंटा वाजवायला शिकवलं का न्हाई?" विलास हसला, पण त्याचे कान लाल झाले. तो मालक गेल्यावर मी सेल बसवता बसवता म्हटलं, "ह्याच्या बैलांपेक्षा तुमचे अर्ध्या सेकंदानं पुढं आहेत."

"काका, थट्टा नका करू."

"मी घड्याळाची थट्टा करत नाही. मोजलंय."

"देवाची बारी मोजली तुमी?"

"कुणाला बोलू नकोस," मी म्हटलं. जे सांगायचंच नसतं ते सांगून झाल्यावर माणूस असं म्हणतो.

चार दिवसांनी आबा दुकानात आले. ते लोणावळ्याला क्वचित यायचे. टोपी काढून काउंटरवर ठेवली. पाणी दिलं, ते प्यायले नाहीत.

"भाऊ, एक इचारतो. ईलास म्हनतोय, आपली बारी तुमी मोजली. खरं का?"

माझ्या हातात एका बाईंच्या घड्याळाचा काटा होता, चिमट्यात धरलेला. तो मला आजही दिसतो. मला एवढंच म्हणायचं होतं, "हो आबा, चुकलं." त्याऐवजी मी म्हणालो, "नाही आबा. घड्याळ तर ताटात असतं. मोजणार कशानं?"

खोटं का बोललो, ह्याची कारणं मी खूप वर्षं जमवली. पंचांनी घाटावरून काढलं असतं, हे एक. दुसरं अधिक खोल. मला एकट्याला काढलं नसतं. "ह्यांच्यातल्याला उंबऱ्यापर्यंत येऊ दिलं, बघा काय केलं," असं गाव बोललं असतं, आणि ते माझ्या वस्तीला पुढची वीस वर्षं ऐकावं लागलं असतं. हे कारण खरं आहे. पण त्या क्षणी माझ्या मनात वस्ती नव्हती. माइकवरचं "राव" होतं.

आबांनी टोपी डोक्यावर ठेवली. "मला वाटलंच. तुमी तसं करायचं न्हाई," असं म्हणून गेले. गावात देवळाच्या पायरीवर चार माणसांत त्यांनी विलासला म्हटलं, "देवाच्या नावावर खोटं बोल्लास. मोठेपनासाठी." हे मला दुसऱ्या दिवशी पुजाऱ्याकडून कळलं. विलास दुकानात आला नाही. मला बोल लावायला, भांडायला, काहीच करायला आला नाही. मी रोज रस्त्याकडं बघत बसायचो.

त्या वर्षीच्या जत्रेत देवाची बारी झाली. मी खिशात हात घातला नाही. मग शर्यती सुरू झाल्या, आणि दुपारी माइकवरून पुकारा झाला तो विलासच्या नावाचा. गर्दी एकदम हलली. देवाच्या बारीचेच चार बैल त्यानं परत खाली नेले होते. आबा बैलांच्या पुढं जाऊन उभे राहिले. खाली काय बोलणं झालं, ते वर ऐकू आलं नाही. एवढं दिसलं की विलासनं बापाच्या दंडाला धरलं आणि अलगद बाजूला केलं.

झेंडा पडला. मी दाबलं. बैल असे आले की घोडीवालाच कडेला झाला. रेषेवर मी दाबलं आणि आकड्याकडं बघितलं. तो आकडा मी आधी पाहिलेला होता. शेवटचा तुकडा तेवढा वेगळा.

तो मला माइकवरून वाचावा लागला. त्या घाटावरची तोवरची सगळ्यांत कमी वेळ. फेटे उडाले, गुलाल उडाला, विलासला लोकांनी खांद्यावर घेतलं. त्या गर्दीतून तो वर बघत होता, माझ्याकडं. हात हलवला नाही, हसला नाही. फक्त बघत राहिला. बक्षिसाच्या मोटारसायकलवर त्याला बसवून फोटो काढले, त्यातही तो कॅमेऱ्याकडं बघत नाही. आणि मला काय मिळालं तेही सांगितलं पाहिजे. त्या आकड्यानं माझं नाव झालं. आजूबाजूच्या गावांच्या घाटांवरून बोलावणी आली, आणि मी गेलो. शाली घेतल्या, नारळ घेतले.

नियमाप्रमाणं आबांच्या घरचा मान गेला. दुसऱ्या घराकडं गेला. मी एकदा आडून आबांना म्हटलं, "बैल पळाले की आबा. विलास म्हणत होता त्यात काहीतरी असेल."

"पळाले त्ये बैल. त्यानं ह्याचं खोटं खरं व्हतंय व्हय? तुमी सोता सांगितलं मोजलं न्हाई म्हनून."

माझ्या शब्दावर त्यांचा एवढा विश्वास होता की डोळ्यांपुढं पळालेल्या बैलांनीही तो हलला नाही. सोय म्हणून घाटावर आलेल्या माणसाला गावात एकाच घरानं खरा विश्वास दिला, आणि तो ह्या घरानं.

विलास बायकोला घेऊन मळवलीला एका बंगल्यावर राखणदार म्हणून राहायला गेला. मुंबईची माणसं शनिवार-रविवार येतात, त्यांचं पाणी, वीज, बाग बघायची. गावापासून तासाभराच्या पायवाटेवर. बाप-लेक बोलले नाहीत. मग शर्यतींवर बंदी आली. घाटावर गवत वाढलं. बंदीच्या वर्षांत देवाची बारी गावकरी स्वतः गाडा ओढून करायचे. मान नसला तरी आबा दोरीला हात लावायला यायचे, आणि आधी आठ दिवस खडे वेचायला. मी मात्र त्या वर्षांत जत्रेला गेलो नाही. दुकान उघडं ठेवून बसायचो. गिऱ्हाईक कमी झालेलं. वेळ मोबाइलमध्ये गेली होती.

बंदी उठली तेव्हा सेन्सर आले, आणि अंगठ्याचं काम संपलं. मला आता मंडपात खुर्चीवर बसवतात, जुने घड्याळवाले म्हणून. ह्या चैत्रातही बसवलं होतं. देवाच्या बारीआधी वाद सुरू झाला. सध्याचे मानकरी दत्तोबाशेठ, जमिनींचे व्यवहार करतात. त्यांचं म्हणणं, देवाची बारीही सेन्सरवर घ्यावी, आकडा मोठ्या पडद्यावर दाखवावा.

पुजारी म्हणाला, "शेठ, ही बारी मोजत नाहीत."

"आरं, पूर्वीबी मोजायचेच की चोरून. इलासनं सांगितलं नव्हतं का तवा? मग उघड मोजू."

"तो पोरगा खोटं बोलला होता," एक पंच म्हणाले. "घड्याळवालं हितंच बसल्यात. इचारा."

सगळे माझ्याकडं वळले. आबा मंडपाच्या कडेला जमिनीवर बसले होते, काठी आडवी धरून. आता त्यांना नीट दिसत नाही. त्यांनीही मान माझ्या बाजूला केली.

खरं सांगायचं मनात होतं. पण मी "मोजलं होतं" म्हणालो, तर दत्तोबाशेठचा पडदा लागणार. देवाची बारी त्याच दिवशी शर्यत होणार. नाही म्हणालो, तर विलास दुसऱ्यांदा खोटा ठरणार, ह्या वेळी सगळ्या गावापुढं. देव माझा नव्हता. पण ती एक गप्प बारी मला घड्याळ धरलेल्या बारा वर्षांतल्या सगळ्या घाटांपेक्षा मोठी वाटत आली होती, मी ती बिघडवली तेव्हासुद्धा. मान नुसती आडवी हलवली. पडदा लागला नाही. बारी शांततेत झाली. लोकांनी हात जोडले. मी माझे दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो होतो.

त्यानंतर मला दुकानात बसवेना. काउंटरवरचं मशीन उघडायचं आणि तसंच ठेवून उठायचं. एक स्क्रू तीनदा पाडला. बायको म्हणाली, "दवाखान्यात जाऊन या." तिसऱ्या दिवशी सकाळी स्कूटर काढली आणि आबांच्या वावरात गेलो.

आबा राबाची तयारी करत होते. भाताचं रोप टाकायच्या जागेवर पालापाचोळा आणि शेण पसरून तो पेटवतात, त्याचे थर ते हातानं चाचपून लावत होते. मी उभ्यानंच बोललो. बसलो असतो तर बोललो नसतो.

"आबा, मी मोजलं होतं. तुमची बारी, तीन वर्षं. विलासला मीच सांगितलं. तुम्ही दुकानात आलात तेव्हा खोटं बोललो. परवा मंडपात परत बोललो."

आबांचे हात थांबले नाहीत. पाचोळ्याची एक ओंजळ टाकली, दुसरी टाकली. मग हात झटकले.

"किती भरलं व्हतं?"

मी शिव्यांची तयारी करून गेलो होतो. ह्याची नव्हती. आकडा माझ्या जिभेवर होता, बारीक तुकड्यासकट. तोंड उघडलं, तेवढ्यात आबांनी हात वर केला.

"नगं. सांगू नगा." ते हळूच बांधावर बसले. "बगा भाऊ. 'किती' इचारायचं आमालाबी कुटं सुटलंय."

मी म्हटलं, "मी पंचांपुढं जाऊन सांगतो."

"पंचांचं मागनं. देवाचंबी देव बगंल. माज्या पोराला मी पायरीवर खोटारडा म्हनलो, चार मानसांत. त्याचं आदी." ते काठी टेकून उठले. "गाडी आनलीय ना? चला."

मागच्या सीटवर आबांनी माझ्या खांद्याला धरलं होतं. मळवलीला बंगल्यापाशी पोचलो. फाटकाशी विलास पाइपनं पाहुण्यांची गाडी धूत होता. आता त्याचेही केस पिकले आहेत. बापाला बघून त्याचा चेहरा उतरला.

"आई बरी हाय ना?"

"बरी हाय," आबा म्हणाले. मग माझ्याकडं काठी करून, "ह्यांनी मोजलं व्हतं."

विलासनं माझ्याकडं बघितलं. वाकून नळ बंद केला.

"मग? मी तेच म्हनत होतो."

"व्हय," आबा म्हणाले. "तू त्येच म्हनत व्हतास. माजं चुकलं."

मी जे पाठ करून आलो होतो ते बोलायला लागलो. की मी तुला तो आकडा सांगायलाच नको होता, माझ्या बढाईपायी तू गाडा शर्यतीला घातलास, तुमच्या घरचा मान गेला, सगळ्याचं मूळ माझी ती बढाई. विलासनं मला मध्येच थांबवलं. आवाज चढवला नाही.

"काका, तुमी सांगितलंत म्हनून न्हाई घातला. मला नंबर नको होता. आबांना आपल्या घरात बसून सांगायचं होतं, आबा, आपली जनावरं काय हाईत बगा. तेवढंच. मग आबा तुमच्या दुकानातून आले आणि मला खोटारडा म्हनाले, म्हनून घातला. दुसरं काय दाखवनार होतो मी? तुमी त्या दिवशी नुसतं हो म्हनला असता, तर आबा मला चार शिव्या देऊन गप बसले असते. बारी आमच्याच घरात राहिली असती."

एवढी वर्षं मी चुकीच्या गोष्टीची लाज बाळगत होतो. मोजल्याची, सांगितल्याची. त्यांना ती गोष्ट कधीच फार लागली नव्हती. त्यांचं घर मोडलं ते माझ्या एका "नाही"नं. आणि तेच मी परवा, मान हलवून, पुन्हा म्हणालो होतो.

बंगल्यातून कुणीतरी हाक मारली, "विलास, गीझर चालू नाही झाला." विलास "आलो" म्हणाला आणि गेला नाही. त्यानं घरातून प्लास्टिकची खुर्ची आणली. आबा खुर्चीवर बसले नाहीत, पायरीवर बसले. मग तोही शेजारी पायरीवर बसला. पाइपातून उरलेलं पाणी फरशीवर पसरत होतं.

मी स्कूटर वळवली. "मी निघू का?" म्हणून विचारलं.

दोघांपैकी कुणी हो म्हणालं नाही, कुणी नाही म्हणालं नाही. मी स्कूटर परत स्टँडवर लावली आणि फाटकाशी उभा राहिलो.